आयुष्मान कार्डावर मणक्याची शस्त्रक्रिया: इंदूरमध्ये कागद कुठे अडतात

मणक्यातली गादी सरकून नस दबली, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि घरात आयुष्मान कार्ड आहे, एवढ्या भरवशावर रुग्णालयात गेलेली मंडळी अनेकदा खिडकीवरूनच परत फिरतात.

पात्रता थोडक्यात अशी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील पात्र कुटुंबांबरोबर मध्य प्रदेशात संबल (असंघटित कामगारांसाठीची राज्याची योजना) आणि खाद्यान्न पात्रता पर्ची (रेशनच्या धान्यासाठीची चिठ्ठी) असलेल्या कुटुंबांनाही वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरचेच धरतात. शाळेचा जुना दाखला दाखवून वाद घालण्यात अर्थ नसतो, आधी आधार दुरुस्त करून घ्यावे.

पहिली खरी अडचण समग्र आयडीची, म्हणजे मध्य प्रदेश सरकार कुटुंबाला आणि त्यातल्या प्रत्येक सदस्याला देते त्या ओळख क्रमांकाची आहे. आठ अंकी क्रमांक कुटुंबाचा आणि नऊ अंकी सदस्याचा असतो, पण अर्जात सर्रास एकाच्या जागी दुसरा भरला जातो. त्यातून आपल्या मराठी घरांत आधारवर मधले नाव धरून पूर्ण नाव, तर समग्रमध्ये नुसते नाव-आडनाव असते. लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेल्या सुनेच्या आधारवर माहेरचे आडनाव आणि तिकडचाच पत्ता, आणि सासरच्या समग्रमध्ये तिची नोंदच नाही, हा प्रकार तर नेहमीचा. दुखणे वाढण्याची वाट न पाहता ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) आणि नावातली दुरुस्ती महापालिकेच्या झोन कार्यालयातून आधीच करून घ्यावी. दोन सरकारी नोंदींतल्या तफावतीसाठी कंबर धरून उभ्या असलेल्या रुग्णाने खेटे घालावेत, हे संतापजनकच आहे.

दुसरी अडचण रुग्णालयाची. योजनेत नाव असलेले प्रत्येक रुग्णालय मणक्याची शस्त्रक्रिया करतेच असे नाही, कारण मान्यता विभागवार मिळते. म्हणून अस्थिरोग किंवा न्यूरोसर्जरी या विभागासाठी मान्यता आहे का, हे आयुष्मान मित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) किंवा १४५५५ या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेआधी योजनेकडून घ्यायच्या पूर्वमंजुरीसाठी एमआरआयचा अहवाल लागतो, आणि अहवालातला मणका व बाजू डॉक्टरांच्या टिपणाशी जुळली पाहिजे. एकीकडे एल-४–एल-५ आणि दुसरीकडे एल-५–एस-१ (कमरेतल्या मणक्यांच्या जागा) असे लिहिलेले असले की मंजुरी देणाऱ्यांकडून शंका निघते. मणका पुढे सरकला असल्यास उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रेही जोडावेत. मात्र सर्वांत जास्त चणचण भासते ती जुन्या चिठ्ठ्यांची. गादी सरकलेल्या बहुतेकांना औषधे आणि व्यायामानेच काही आठवड्यांत आराम पडत असल्याने ते उपचार आधी झाले होते का, असा प्रश्न येतो, आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी कोणीच जपून ठेवलेली नसते.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघा बधिर झाल्या किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर मात्र कागदांत गुंतू नये. तडक एमवायसारख्या (इंदूरचे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय) मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, कारण दबलेल्या नसांना तेव्हा तासांचा हिशोब लागू होतो.

पैशांबाबतही एक गैरसमज आहे. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी योजनेत येत नाही. दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा आणि सुटी झाल्यावर १५ दिवसांचा खर्च तेवढा धरला जातो. महिन्यापूर्वी स्वतःच्या खिशातून काढलेल्या एमआरआयची पावती नंतर पुढे केली, तरी ते पैसे परत मिळत नाहीत.