जंगल वाढलं की पाऊस वाढतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जुलै 2024 मध्ये इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लागली, तेव्हा इथल्या मराठी घरांतही एकच बोलणं होतं: आता पाऊस सुधारेल. हा विश्वास जुना आहे, आणि त्याची पहिली मोठी तपासणी झाली ती इथून नर्मदा ओलांडली की लागणाऱ्या सातपुड्याच्या पट्ट्यात.

1875 मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. मध्य प्रांताच्या दक्षिण भागात जंगल जाळून केली जाणारी फिरती शेती त्याच सुमारास सरकारने बंद पाडली आणि रान पुन्हा दाटलं. ब्लॅनफर्ड यांनी आधीचे आणि नंतरचे पर्जन्यमापकांचे आकडे ताडून पाहिले. 1887 मध्ये त्यांनी मांडलं, की पाऊस वाढलेला दिसतो. जंगलं राखीव करत सुटलेल्या वनखात्याला आयता आधार मिळाला. ज्यांची शेती गेली त्या गोंड-बैगांना अर्थात कुणी विचारलं नाही.

पण तुलना मोजक्याच वर्षांची होती. पुढे 1896 चा दुष्काळ आला, मग माळव्यात आजही ज्याचं नाव निघतं तो छप्पनिया, म्हणजे 1899 चा. जंगल जागच्या जागी होतं, पावसाने मात्र दगा दिला. 1910 मध्ये हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी देशभरची नोंद चाळून सांगितलं, की जंगलतोडीने पर्जन्यमान बदलल्याचा पुरावा मिळत नाही.

त्यानंतर वनशास्त्र डेहराडूनला आणि हवामानशास्त्र पुण्याला, असे दोन सवतेसुभे झाले. 1971 मध्ये हार्वर्डहून परतलेल्या गाडगीळ दांपत्याच्या घरात मात्र दोन्ही विषय एकत्र नांदले: माधवरावांचं जंगल, सुलोचनाबाईंचा मान्सून. माझ्या मते त्यांचं खरं वेगळेपण लोकांत जाण्यात होतं. सुलोचनाबाई कर्नाटकातल्या पावगडच्या भुईमूग शेतकऱ्यांशी पेरणीच्या तारखांवर बोलत. माधवराव मराठी वृत्तपत्रांत लिहीत. शास्त्रज्ञाच्या बढतीच्या अर्जात अशा कामाला फारसे गुण मिळत नाहीत.

2010 नंतर बैतूलच्या सागवनात इस्रोच्या प्रकल्पातून मनोरा उभा राहिला. त्यावर, झाडांच्या शेंड्यांहून उंच बसवलेली यंत्रं सेकंदाला कित्येक वेळा वाऱ्याचा वर-खाली झोत, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजतात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण झाला की देवाणघेवाण मंदावते, पावसाळ्यात पालवीबरोबर वाढते. रान किती पाणी हवेत परत देतं, हे आता आकड्यांत कळतं. ते पाणी कुठे कोसळेल, हे मनोऱ्यावरून दिसत नाही. त्यासाठी संगणकावरची हवामान-प्रारूपं लागतात.