पक्ष्याचा डोळा आणि धनुष्याची कप्पी

शाळेच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला, शेजाऱ्याने धनुष्यबाणाने मारलेल्या जंगली टर्कीचा (मी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहतो, इथे वसंतात नर टर्कीच्या शिकारीचा सीझन असतो). लगेच दोघातिघांचं आलं, त्यात काय एवढं, अर्जुनासारखा पक्ष्याचा डोळा दिसला की काम झालं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण प्रॉब्लेम बरोब्बर उलटा आहे. अर्जुनाचा पक्षी लाकडाचा होता, त्याला काही दिसत नव्हतं. टर्कीला सगळं दिसतं.

तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवताच जवळपास पाऊण वर्तुळ नजरेत, आणि मान जराशी फिरवली की मागचंही. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यात तीन प्रकारच्या, तिच्यात चार, आणि चौथी अतिनील किरणांच्या काठापर्यंत पोचते. आपल्या घरी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालायचे आठवतं? ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. बऱ्याच डिटर्जंटमध्येही असंच काहीतरी असतं, म्हणून मुरलेले शिकारी झाडीच्या रंगाचे कपडे तसल्या पावडरने धूत नाहीत. हे पटण्यासारखं आहे. पण अंगाचा वास घालवणारे महागडे स्प्रे टर्कीसाठी घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण तिचं नाक कमजोर असतं. आणि तिला सिक्स्थ सेन्स असतो म्हणतात तेही खोटं, तिनं तुमचा हात हललेला पाहिलेला असतो, बस्स.

आता बंदूकवाला आधीच नेम धरून, बंदूक गुडघ्यावर टेकवून बसू शकतो, शेवटी फक्त बोट हलवायचं. धनुष्यवाल्याला पक्षी वीस यार्डांवर आलेला असताना अख्खा हात मागे न्यावा लागतो. म्हणून बरेच जण तंबूसारख्या लपणात बसतात, आतून काळं कापड, अंगात काळे कपडे, आणि पुढची एकच खिडकी उघडी. दुपारी रस्त्यावरून घराची खिडकी काळी दिसते ना, तेच तत्त्व.

पण खरी कमाल धनुष्याची आहे. शेजाऱ्याने मला त्याचं कंपाउंड धनुष्य ओढायला दिलं, साठ पौंडांचं, म्हणजे सत्तावीस किलो. मध्यापर्यंत खांदा थरथरायला लागला, आता सुटतंय असं वाटलं, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत वजन एकदम गळूनच पडलं. हातात उरले फक्त बारा पौंड!

साध्या धनुष्यात जितकं ओढाल तितकं जड होत जातं. इथे दोन्ही टोकांना कप्प्या असतात, पण विहिरीच्या कप्पीसारखा आस मध्यावर नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो, त्यांना कॅम म्हणतात. कॅमवर एकीकडे आपण ओढतो ती दोरी आणि दुसरीकडे धनुष्याच्या पात्यांना वाकवणारी केबल. शाळेतली तरफ आठवा, बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा. कॅम फिरतो तशी दोरीची भुजा, म्हणजे आसापासूनचं अंतर, लांब होत जाते आणि केबलची आखूड. शेवटी पाती सगळ्यात जास्त वाकलेली, केबलवरचा ताण प्रचंड, पण तिची भुजा एवढीशी, त्यामुळे दोरीवर थोड्याशा बळात तोल साधतो. ऊर्जा कुठे गेली? कुठेच नाही, पात्यांतच आहे. बळ आणि अंतराचा ग्राफ काढला तर त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे ती ऊर्जा, आणि इथे ग्राफ मध्ये टेकडीसारखा वर राहून शेवटी दरीत उतरतो. दोरी सोडली की उलटा प्रवास, दरीतून टेकडीवर, म्हणजे बाणाला पहिल्या क्षणी हलका रेटा आणि मग जोरात. होलेस विल्बर ॲलन नावाच्या मिसुरीच्याच माणसाला १९६९ मध्ये याचं पेटंट मिळालं.

भारतात शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच. इथलं गणित वेगळं, शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे संपत आलेली टर्की परत आली ती जंगलातून पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यामुळे, आणि १९३७ च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून अशा कामांना पैसा मिळाला. पुढे धनुष्यबाणही त्या करात आले.

तर दोरी ओढायची कधी? नर मादीपुढे मिरवतो तेव्हा शेपटीचा पंखा उभा करतो. तो फिरता फिरता पाठमोरा झाला की तोच पंखा त्याच्या डोळ्यांआड येतो. ओढायची ती तेव्हाच. मग तो पुन्हा तोंड फिरवेपर्यंत वाट बघायची, कधी अर्धा मिनिट, कधी जास्त. तेवढा वेळ साठ पौंड धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही, बारा पौंड धरून बसता येतं.