‘काही घडतच नाही’ म्हणतात त्या सिनेमांमागचा इतिहास

‘रजनीगंधा’मध्ये टॅक्सीचा एक प्रसंग आहे. नोकरीच्या मुलाखतीसाठी दिल्लीहून मुंबईला आलेल्या दीपाला नवीन हा तिचा जुना मित्र शहर दाखवतोय. दोघं मागच्या सीटवर, मध्ये थोडी जागा. खिडकीतून वारा येतोय, तिचा पदर उडतोय. मागे मुकेशचा आवाज आहे, पण पडद्यावर कुणाचेही ओठ हलत नाहीत. तो आपला हात हातात घेईल का, एवढंच तिच्या मनात चाललंय. तो घेत नाही. टॅक्सी पुढे जाते. प्रसंग संपला.

हा बासू चटर्जींचा 1974चा चित्रपट. ‘जंजीर’ येऊन वर्ष झालं होतं, ‘शोले’ आणि ‘दीवार’ यायचे होते. अशा दिवसांत, न धरलेल्या हातावर उभ्या असलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्यात गाणी फक्त दोन, मारामारी नाही, खलनायक नाही. असे सिनेमे लोकांना का आवडतात याचं उत्तर बरेच जण आवडीनिवडीत शोधतात. मला ते आधीच्या पंचवीस वर्षांत दिसतं. ही आवड आपोआप उगवलेली नाही, ती बऱ्याच लोकांनी खपून तयार केली आहे.

सुरुवात सरकारी कागदांपासून करावी लागते. 1949 मध्ये केंद्र सरकारने मुंबईचे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. 1951च्या अहवालात समितीने चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ आणि प्रशिक्षण देणारी संस्था असावी असं सुचवलं. दोन्ही गोष्टींना 1960 उजाडलं. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनही सुरू झालं. 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं.

मधल्या काळात बघणाराही घडत होता. 1947 मध्ये सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. 1952 मध्ये भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला आणि इथल्या लोकांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट पाहिला. चोरीला गेलेली एक सायकल, ती शोधणारा बाप आणि त्याच्यामागे धावणारा पोरगा, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहतो, हे तेव्हाच्या अनेक दिग्दर्शकांना हलवून गेलं. तीन वर्षांनी राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला. पुढे गावोगाव फिल्म सोसायट्या निघाल्या. मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि मराठी माणसाला जगाच्या सिनेमाबद्दल मराठीत बोलायला, वाचायला जागा मिळाली. भाड्याचा हॉल, सोळा एमएमचा प्रोजेक्टर, कुठल्या तरी वकिलातीकडून आणलेली रिळं आणि खेळानंतरची चर्चा. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना संथपणाची सवय झाली असं म्हणतात. मी म्हणेन, त्यांना माणसाच्या चेहऱ्याकडे थांबून बघायची सवय झाली.

साठच्या दशकाच्या अखेरीस फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने छोट्या बजेटच्या, नव्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांना कर्ज द्यायचं ठरवलं. 1969 मध्ये मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ तयार झाले. दोन्हींचे छायाचित्रकार पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेले के. के. महाजन. ‘रजनीगंधा’ही त्यांनीच चित्रित केला. हातात पैसे थोडे, म्हणून सेट नाही, बडे स्टार नाहीत. खऱ्या घरात, खऱ्या रस्त्यावर शूटिंग. भपका गेला की कॅमेऱ्यासमोर उरतो तो माणूस. या सिनेमाची व्यक्तिरेखांवरची भिस्त अशी पैशांच्या टंचाईतूनही आली आहे. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट त्या मंडळींनी टंचाईचं सोनं केलं असं वाटतं.

बासूदा आधी ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते आणि फिल्म सोसायटीच्या चळवळीतले. त्यांनी नायक म्हणून निवडलेले अमोल पालेकर जे. जे. मधून चित्रकला शिकलेले, बँकेत नोकरी करणारे आणि नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंसोबत नाटक करणारे. त्याच सुमारास दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचे प्रयोग सुरू झाले. प्रेक्षक हाताच्या अंतरावर असला की नटाला आवाज चढवावा लागत नाही, भुवई हलली तरी ती पोचते. मराठी प्रायोगिक नाटकाने असे नट घडवले आणि हिंदी सिनेमाला ते आयते मिळाले. या देण्याची आपल्याकडे पुरेशी नोंद घेतली जात नाही. बासूदांच्याच ‘छोटी सी बात’मध्ये पालेकरांचा अरुण बसस्टॉपवर प्रभाच्या मागे रांगेत उभा राहतो आणि बोलू शकत नाही. रोज बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला तो परका कसा वाटेल?

मराठीत या वाटेवर सगळ्यात सातत्याने चालल्या त्या सुमित्रा भावे. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलेलं, वस्तीतल्या बायकांशी बोलून संशोधन केलेलं. ते संशोधन त्याच बायकांपर्यंत पोचावं म्हणून 1985 मध्ये त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ आणि बरेच काही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची संशोधकाची सवय त्यांच्या कॅमेऱ्यात उतरली.

त्यांचा ‘अस्तु’ घ्या. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, स्मृतिभ्रंश झालेले. मुलगी जरा वेळ गाडीतून उतरते, तेवढ्यात रस्त्यावर हत्ती दिसतो आणि हे त्याच्यामागे निघून जातात. गाठ पडते माहुताच्या बायकोशी, चन्नम्माशी. ती कानडी बोलणारी, हे आयुष्यभर शास्त्र शिकवलेले, आणि तिच्यात त्यांना आई दिसते. इथे कोणी वाईट नाही. मुलीची चूक आहे का? वडिलांना सांभाळून थकली तर तिने काय करायचं? चित्रपट निकाल देत नाही, तिच्या थकण्यालाही तेवढाच वेळ देतो. घरात असं म्हातारपण पाहिलेल्यांना हा चित्रपट किती जवळचा वाटतो, हे मी थिएटरातून बाहेर पडणाऱ्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

2004च्या ‘श्वास’ने अशा सिनेमाला मराठीत मोठा प्रेक्षक मिळू शकतो हे दाखवलं. नातवाची दृष्टी जाणार आहे आणि त्याआधी आजोबा त्याला जग दाखवू पाहतात, एवढीच गोष्ट. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. मग ‘किल्ला’ आला, ‘कासव’ आला. 2025 मध्ये ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला.

यात चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकशाहिरावर कठोर कायद्याची कलमं लावणाऱ्या सरकारी वकीलबाई संध्याकाळी लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. त्यांचा राग करायला बसलेला प्रेक्षक गोंधळतो. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून बंद होतात, अंधार होतो. थिएटरात काही जण उठायला लागतात. आणि चित्रपट न्यायाधीशांच्या मागोमाग सहलीला जातो. ते बाकावर बसून डुलक्या घेतायत. पोरं येऊन ओरडतात, ते दचकतात, एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.