डीएपीची गोणी आणि कांद्याचं मूळ

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर रविवारी सेंद्रिय भाजीची गाडी लागते. ‘१०० टक्के केमिकल फ्री’ असा फलक आणि त्याखाली गायीचं चित्र. गेल्या रविवारी शेजारच्या काकूंनी कांद्याच्या पातीची जुडी माझ्यासमोर धरली. “इतकी वर्षं बॉटनी शिकवलीत ना? मग सांगा बघू, यात व्हिटॅमिनं जास्त असतात की नाही? दुप्पट पैसे मोजायचे तर कळायला नको?” मी म्हणालो, “व्हिटॅमिनं राहू द्या, आधी खालची मुळं बघा.” काकूंनी मुळांऐवजी माझ्याकडेच अशा नजरेनं पाहिलं, की म्हटलं, हे उत्तर लिहूनच काढावं.

विचारलेल्या प्रश्नातून आधी मोकळा होतो. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तोवरचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. व्हिटॅमिनांमध्ये दखल घ्यावी असा फरक त्यांना आढळला नाही. २०१४ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांची अशीच छाननी झाली. त्यात सेंद्रिय मालात काही अँटिऑक्सिडंट जास्त दिसले. कीटकनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण रासायनिक शेतीतल्या मालात चौपट होतं, आणि कॅडमियम हा विषारी धातू सेंद्रिय मालात जवळपास निम्माच होता. तेव्हा व्हिटॅमिनांसाठी दुप्पट पैसे मोजू नका. फवारणीचं औषध पोटात कमी जावं म्हणून मोजत असाल, तर त्यात अर्थ आहे. कॅडमियमचं नाव तेवढं लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

राहिला तो ‘केमिकल फ्री’चा फलक. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण मारतात, ते सेंद्रिय शेतीतही ठरावीक मर्यादेत चालतं. ते बनतं चुना आणि मोरचुदापासून. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, अस्सल रसायन, आणि तांबं मातीत वर्षानुवर्षं साचत जातं. फलक रंगवणाऱ्याला हे कोण सांगणार!

आता मुळं. पातीच्या जुडीखाली शेवयांसारखे पांढरे दोरे लोंबत असतात. जाडसर, सरळ, फाटे जवळजवळ नाहीत. गव्हाचं किंवा ज्वारीचं मूळ भिंगाखाली धरलं तर त्यावर अन्न शोषणाऱ्या केसांची दाट लव दिसते. कांद्याच्या मुळावर ती नावापुरतीच. आता स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा स्वभाव बघा. नत्राचं नायट्रेट पाण्यात विरघळून वाहत वाहत मुळापर्यंत पोचतं. स्फुरद मात्र बसल्या जागचं हलत नाही. आपल्या काळ्या मातीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, कोकणातल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. मोकळं राहिलेलं थोडंफार स्फुरद दिवसाला मिलिमीटरचा काही अंश सरकतं. मूळ आपल्याभोवतीचं दीड-दोन मिलिमीटर पट्ट्यातलं स्फुरद भराभर खाऊन टाकतं, आणि मग ताट रिकामं. डीएपीसारख्या स्फुरदाच्या रासायनिक खताच्या गोणीतून टाकलेल्या स्फुरदापैकीसुद्धा त्या हंगामात पिकाच्या तोंडी लागतं ते साधारण १५ ते २० टक्केच.

या हिशेबाने लव नसलेला कांदा केव्हाच उपाशी मरायला हवा होता. तो जगला, कारण त्याने जेवण आणायला दुसऱ्याला ठेवलं.

हा दुसरा म्हणजे मातीतली एक बुरशी. बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरची पांढरी साय आठवते आणि नाक मुरडलं जातं. ही तशी नव्हे. हिचे धागे केसाच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक असतात. मुळाचा रिकामा झालेला पट्टा ओलांडून ते कित्येक सेंटिमीटर पुढे जातात, मातीच्या ज्या फटीत मूळ शिरूच शकत नाही तिथे शिरतात आणि स्फुरद उचलून आणतात. दुसरं टोक मुळाच्या पेशीत घुसलेलं असतं. तिथे धाग्याला फाटे, फाट्यांना फाटे फुटून अगदी चिमुकलं झुडूप तयार होतं. त्याला आर्बस्क्यूल म्हणतात. गंमत अशी, की पेशीची त्वचा कुठेही फाटत नाही. हातमोजा जसा प्रत्येक बोटावर चढतो, तशी ती झुडपाच्या प्रत्येक फांदीवर चढते. या हातमोज्यातून देवाणघेवाण चालते: बुरशीकडून स्फुरद, झाडाकडून साखर. झाड आपल्या कमाईचा ४ ते २० टक्के वाटा या नोकरावर खर्च करतं. साखरेबरोबर स्निग्धही देतं, कारण २०१७ साली स्पष्ट झालं की या बुरशीला स्निग्धाम्लं स्वतः तयार करताच येत नाहीत. काही दिवसांत झुडूप जुनं होतं, झाड ते पचवून टाकतं आणि शेजारच्या पेशीत नवं उभं राहतं.

वर्गात मी हे कांद्याच्याच मुळावर दाखवायचो. मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायचं, म्हणजे ते पारदर्शक होतं. मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई घालून त्यात बुडवायचं. शाई बुरशीवर चढते, मुळावर फारशी चढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली निळी झुडपं दिसली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची.

ही सोबत किती जुनी? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या खडकांत ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्यांना धड मुळंही नव्हती, पण पेशींत आर्बस्क्यूल आहेत. म्हणजे मुळांच्या आधी बुरशी! मायकोरायझा हे या सोबतीचं नाव मात्र अगदी अलीकडचं, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली दिलेलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी बुरशी मारणाऱ्या बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. मैत्री आणि मारेकरी एकाच साली, हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

झाड बुरशीला बोलावतं कसं, ही या गोष्टीतली सगळ्यात रंगतदार जागा, आणि तिची सुरुवात एका चोरापासून होते. ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला सांगायला नको. हे परजीवी तण ज्वारीच्या मुळांत मूळ रोवून रस ओढतं. बी धुळीच्या कणाएवढं, मातीत दहा-दहा वर्षं झोपून राहणारं. यजमानाचं मूळ जवळ आलं की नेमकं तेव्हाच उगवतं. त्याला जागं करणारं रसायन १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या पाण्यातून वेगळं काढलं गेलं आणि टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे स्ट्रायगावरून, त्याला स्ट्रायगॉल म्हटलं गेलं. पण कोडं पडलं. झाड स्वतःच्या चोराला हाक कशाला मारील? जवळजवळ ४० वर्षं उत्तर नव्हतं. २००५ साली जपानमध्ये कोहकी अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ही हाक मुळात बुरशीसाठी आहे. त्याच कुळातलं रसायन मिळालं की बुरशीचे धागे भराभर फाटे फोडून मुळाकडे धावतात. टारफुला फक्त भिंतीला कान लावून ऐकत होता.

आता जरा दम धरा, पुढचा परिच्छेद अवघड आहे. पण तो गाळला तर डीएपी बंद केलं की पीक का खुरटतं, हे कोडं सुटणार नाही. स्फुरद कमी पडलं तरच झाड हाक मारतं. पोटात किती आहे हे त्याला कळतं कसं? पेशीत इनॉसिटॉल नावाचा एक रेणू असतो. स्फुरद मुबलक असलं की त्यावर फॉस्फेटचे थरावर थर चढून इनॉसिटॉल पायरोफॉस्फेट तयार होतं. ते एसपीएक्स या प्रथिनाला चिकटतं. चिकटलं की एसपीएक्स जाऊन पीएचआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला मिठी मारतं. पीएचआरचं काम डीएनएवर बसून उपासमारीच्या काळातली जनुकं चालू करणं. मिठीत अडकल्यावर त्याला बसता येत नाही. स्फुरद घटलं की पायरोफॉस्फेट घटतं, मिठी सुटते, पीएचआर कामाला लागतं. भातावरच्या २०२१ सालच्या संशोधनातून दिसलं, की पीएचआर जी जनुकं चालू करतं त्यांत बुरशीला बोलावण्याची आणि आर्बस्क्यूल थाटण्याची जनुकंही आहेत. भूक लागल्याची वर्दी आणि पाहुण्याला धाडलेलं आवतण, दोन्ही एकाच हातून जातात.

आता डीएपीची गोणी उघडा. तिच्यावर १८-४६ असे आकडे असतात, त्यांतला ४६ स्फुरदाचा. पेरणीच्या वेळीच बियाण्याशेजारी तो डोस पडतो. रोप डोळे उघडतं तर ताट वाढलेलं! पीएचआर मिठीत, हाक बंद, बुरशी दाराबाहेर. आणि या बुरशीला यजमानाशिवाय जगता येत नाही. असे हंगामामागून हंगाम गेले की मातीतली तिची वस्ती विरळ होत जाते. मग एखाद्या वर्षी शेतकरी म्हणतो, यंदा डीएपी न टाकता पाहतो, आणि पीक खुरटतं. “बघा, गोणीशिवाय भागत नाही.” त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. जेवण आणणारा नोकर कधीचा गेला, आणि हाक मारल्यावर लगेच परतत नाही, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या दुकानातून तो डीएपी घेतो, तिथेच आता मायकोरायझाची पाकिटंही मिळतात. दोन्ही एकाच पिशवीतून घरी जातात. यापेक्षा वेगळा विनोद करायची गरज नाही.

सेंद्रिय शेतीचा माझ्या मते सर्वांत पक्का फायदा हा असा मुळाशी आहे, आणि त्याला मोजमापाचा आधार आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या थेरविल गावात १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेतीचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना चालू आहे. पहिल्या २१ वर्षांचे आकडे २००२ साली ‘सायन्स’मध्ये आले. सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन २० टक्के कमी. पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी, कीटकनाशकं ९७ टक्के कमी. मुळांच्या लांबीपैकी बुरशीने व्यापलेला भाग ४० टक्के जास्त, गांडुळांचं वजन १.३ ते ३.२ पट. उत्पादनातली ती २० टक्के घट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण गाडीवरच्या फलकात ती कधीच नसते. काकूंच्या दुप्पट पैशांतला काही हिस्सा या घटीचा असतो.

आणि आता गायीचं चित्र. एक देशी गाय तीस एकर जगवते, असं छातीठोकपणे सांगतात. त्यासाठीच्या जीवामृत या घरगुती खताची कृती सर्वांना पाठ आहे: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. यातलं स्फुरद मोजलं तर पंधरा-वीस ग्रॅम भरतं, आणि त्यात बेसनाचा वाटा शेणाच्या बरोबरीला येतो. एकरी दहा क्विंटल ज्वारी पिकली तर नुसत्या दाण्यातून तीन किलोच्या आसपास स्फुरद शेताबाहेर जातं. बुरशी स्फुरद आणून देते, तयार करत नाही. ते मूलद्रव्य आहे. गायीच्या पोटात काय किंवा मंत्रात काय, नव्याने जन्माला येत नाही. नुसतं खत बंद करून माती उपाशी ठेवली तर पिकाची हाक मोठी होते, आणि ती टारफुलाही ऐकतो. श्रीलंकेने २०२१ साली एका फटक्यात रासायनिक खतांची आयात थांबवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली, तरी त्या हंगामात भाताचं उत्पादन कोसळलंच.

सेंद्रियवाल्यांनीही बुरशी घालवता येते, ही आणखी एक बाजू. दर हंगामाला रोटाव्हेटर फिरवला की धाग्यांच्या जाळ्याच्या चिंध्या होतात. कोंबडीखतात स्फुरद इतकं असतं, की सढळ हाताने टाकलं तर पीएचआर पुन्हा मिठीत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट ही मंडळी तर या बुरशीला मुळातच थारा देत नाहीत. फ्लॉवरच्या पाठोपाठ कांदा लावायचा असेल तर मध्ये मका किंवा एखादं कडधान्य घेऊन बुरशीला खाऊ घालावं.

शेताबाहेर गेलेलं स्फुरद कुठून भरून काढायचं, हा प्रश्न मग उरतोच. डीएपी ज्या खडकापासून बनतं, त्याचे जगातले साठे सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या हाती आहेत, आणि आपण बहुतेक गरज आयातीवर भागवतो. त्याच खडकातून कॅडमियम येतं, गोणीतून शेतात, शेतातून ताटात. दुसरीकडे, ज्वारीबरोबर शहरात आलेलं स्फुरद आपल्या पोटातून गटारात आणि गटारातून नदीत जातं. पुण्याच्या मुळा-मुठेवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो याच फुकटच्या खतावर. शेतात टाकलं असतं तर तिथे कणीस आलं असतं.

परवा मी भाजीवाल्याला म्हटलं, आमच्या सोसायटीच्या खड्ड्यात ओल्या कचऱ्याचं चांगलं खत झालंय, तुमची गाडी रिकामीच परत जाते, दोन गोण्या घेऊन जात जा. तो हसला. “न्यायला काही नाही हो सर, पण वर चढवायचं कोणी?” आज रविवार आहे. गोण्या मी भरून ठेवल्यात, काकूंच्या मुलाला चढवायला बोलावलंय.