'दात दाखवा' म्हटलं की जमत नाही, जोक मारला की जमतं

पॅरालिसिसचा झटका आलेल्या पेशंटला डॉक्टर सांगतात, दात दाखवा. पेशंट जीव तोडून प्रयत्न करतो पण तोंडाची एकच बाजू वर जाते, दुसरी तशीच लोंबलेली. आणि मग संध्याकाळी भेटायला आलेला मित्र काहीतरी फालतू जोक मारतो आणि हाच माणूस दोन्ही बाजूंनी मस्त हसतो. सगळ्यांचं असं होत नाही, झटका मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागाला बसला त्यावर असतं ते, पण ज्यांचं होतं त्यांच्या घरच्यांना वाटतं की मगाशी डॉक्टरांसमोर नाटक चाललं होतं की काय!

नाटक नसतं. मुद्दाम हसायची वायर वेगळी आणि आपोआप हसू येतं त्याची वेगळी. ठरवून हसता तेव्हा ऑर्डर मेंदूच्या वरच्या थरातल्या मोटर कॉर्टेक्समधून निघते, आणि खरंच हसू फुटतं तेव्हा ती भावनांशी संबंधित आतल्या भागांमधून वेगळ्या रस्त्याने येते, शेवटी दोन्ही रस्ते चेहऱ्याच्या एकाच नसेला (डॉक्टर तिला फेशियल नर्व्ह म्हणतात, सातव्या नंबरची) येऊन मिळतात. त्यामुळे एक रस्ता बंद पडला तरी दुसरा चालू राहू शकतो. पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा बरोबर उलटं होतं, हसा म्हटलं तर माणूस बऱ्यापैकी हसून दाखवतो पण आपणहून येणारं हसू कमी कमी होत जातं, चेहरा मुखवट्यासारखा दिसायला लागतो आणि घरचे म्हणत राहतात की बाबांना हल्ली कशातच रस नाही. बाबांना रस असतो हो, चेहऱ्यापर्यंत पोचत नाही एवढंच. (आणि हो, कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला तर ही दात दाखवायची टेस्ट घरी करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.)

चेहऱ्याचा असा बारकाईने अभ्यास पॅरिसच्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने केला, त्याचं पुस्तक १८६२ चं. त्याने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा हलका करंट देऊन फोटो काढले, आणि मुख्य मॉडेल होता एक म्हातारा, दात पडलेला, ज्याच्या चेहऱ्याची संवेदना कमी होती त्यामुळे त्याला फारसं दुखायचं नाही. आज कुठल्या एथिक्स कमिटीने हे पास केलं नसतं ते सोडा. तर त्याला दिसलं की ओठांचे कोपरे वर खेचणारा गालाचा स्नायू, झायगोमॅटिक मेजर, करंटने हलवता येतो पण चेहरा हसरा वाटत नाही, कारण खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला जातो, गाल वर येतात, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. हा गालाचा स्नायू काही लोकांत दुभागलेला असतो, बऱ्याचदा खळी पडते ती त्यामुळे. म्हणजे ज्या खळीवर लोक फिदा होतात ती शरीररचनेतली छोटीशी गडबड!

डार्विनने द्युशेनचे हे फोटो लोकांना दाखवले. म्हातारा खरा हसतोय तो फोटो सगळ्यांनी झटकन ओळखला, करंटवाल्या फोटोवर मात्र कुणी म्हणालं हसायचा प्रयत्न करतोय, कुणाला तर काहीच कळेना.

पुढे पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने डोळ्यातून येणाऱ्या या हसण्याला द्युशेनचं नाव दिलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं, डोळे हसले तर खरं, नुसते ओठ हसले तर खोटं. व्हॉट्सॅपवर तुम्हीही वाचलं असेल. मला हे जरा जास्तच सोपं वाटतं. नंतरच्या प्रयोगांत बऱ्याच लोकांना सांगितल्यावर डोळ्यांसकट हसू आणता आलं, आणि बत्तिशी दाखवून मोठ्ठं हसलं की गाल वर ढकलले जाऊन सुरकुत्या आपोआपच पडतात, त्यात भावनेचा संबंध नाही. त्यामुळे डोळ्यांवरून कुणाचा खरेपणा मोजायच्या भानगडीत पडू नये.

मुळात हसू म्हणजे आतला आनंद बाहेर सांडणं हेच अर्धवट आहे. १९७९ मध्ये क्राउट आणि जॉन्स्टन या दोघांनी बोलिंग (क्रिकेटमधलं नव्हे, बॉल घरंगळवून समोर उभ्या केलेल्या पिना पाडायचा खेळ) खेळणाऱ्यांचं निरीक्षण केलं. बॉल टाकला, सगळ्या पिना पडल्या, आता आनंद झालाच ना? पण पिनांकडे तोंड असताना माणसं क्वचितच हसली, मागे वळून मित्रांकडे बघितलं तेव्हा हसली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदकवाल्यांचंही तेच, समोर लोक असले की हसू. म्हणजे हसू बरंचसं समोरच्यासाठी असतं. जन्मापासून न दिसणारे ज्युडो खेळाडू २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये जिंकल्यावर अगदी डोळस खेळाडूंसारखेच हसले, आणि फायनल हरलेले बक्षीस घेताना तसंच उसनं हसले, कुणाचं बघून शिकायचा प्रश्नच नव्हता.

तान्हं बाळ झोपेत हसलं की आज्जी म्हणते सटवाई हसवतेय. ते हसू झोपेतल्या मेंदूच्या हालचालीतून येतं, तुमच्यासाठी नसतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं, आणि तिथे रात्र रात्र जागलेली आई सगळं विसरते.

मुद्दाम हसलं की मूड सुधारतो का? १९८८ चा फेमस प्रयोग, दातात पेन धरून कार्टून बघितलं (त्याने चेहरा हसल्यासारखा होतो) तर ते जास्त मजेशीर वाटतं म्हणे. २०१६ मध्ये १७ लॅब्जनी तो परत केला, काहीच निघालं नाही. मग २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३८७८ लोकांवर परत तपासलं, पेनचं नक्की काही ठरलं नाही पण हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर थोडासा, अगदी थोडासा फरक दिसला. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन लाफ्टर क्लब सुरू केला तेव्हा आधी जोक सांगायचे, जोक संपले तेव्हा विनाकारण हसणं सुरू झालं. सकाळी बागेत हो हो हा हा करणाऱ्यांना आपण हसतो खरं, पण मला वाटतं तिथे स्नायूंपेक्षा रोज भेटणारी माणसं जास्त काम करतात.

मोबियस सिंड्रोम असलेली मुलं जन्मापासून हसूच शकत नाहीत, चेहऱ्याची नसच काम करत नाही. आनंद होतो, पण लोक त्यांना उर्मट किंवा मंद समजतात. यावर एक ऑपरेशन आहे, मांडीतल्या स्नायूचा तुकडा गालात बसवून तो चावायच्या नसेला जोडतात. सुरुवातीला हसायचं तर दात दाबावे लागतात, आरशासमोर रोज प्रॅक्टिस. आणि मग बऱ्याच पेशंट्सना दात न दाबता हसता यायला लागतं, काहींना तर ठरवावंही लागत नाही, कुणी जोक मारला की गाल आपोआप वर जातो.