आधी रक्त, मग औषध

१९११ च्या फेब्रुवारीत विख्यात संगीतकार गुस्ताव्ह मालर न्यूयॉर्कमध्ये आजारी पडले. ताप काही केल्या पाठ सोडेना. हृदयाच्या झडपेत दोष असल्याचे त्यांना १९०७ मध्येच कळले होते. डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना झडपेच्या संसर्गाची शंका आली. त्यांचे सहकारी जॉर्ज बेअर यांनी मालर यांचे रक्त घेऊन त्यात जिवाणू वाढतात का ते पाहिले. काही दिवसांत स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या वसाहती दिसू लागल्या. निदान अचूक होते, पण त्यावर औषध अजून जन्मालाच आले नव्हते. १८ मे रोजी व्हिएन्नात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मालर गेले.

आज औषधे आहेत. तरीही निदानाचा कणा तीच तपासणी आहे, ब्लड कल्चर. आणि ती निकामी करणे फार सोपे आहे. रक्त देण्याआधी अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या पोटात गेल्या तरी पुरते. ताप तात्पुरता उतरतो, कल्चरमध्ये काही वाढत नाही आणि झडपेवरचे जिवाणू मात्र जागच्या जागी राहतात. झडपेचा जुना दोष किंवा कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप येत असेल, तर आधी रक्त आणि मग औषध हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रकृती गंभीर असेल तर औषध लांबवता येत नाही. पण रक्त घ्यायला काही मिनिटेच लागतात.

या आजाराचे नाव एंडोकार्डायटिस. निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर जिवाणूंना सहसा थारा मिळत नाही. पण जन्मजात दोष असेल, घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब झाली असेल, कृत्रिम झडप बसवली असेल किंवा पेसमेकरची तार आत असेल, तर तिथे रक्तातल्या प्लेटलेट्स आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन) यांचा थर जमतो. हिरड्यांतून, त्वचेच्या जखमेतून किंवा शिरेत घातलेल्या नळीवाटे रक्तात आलेले जिवाणू त्या थराला चिकटतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तर धडधाकट झडपेवरही मुक्काम ठोकू शकतो.

मग तिथे वाढते ती गाठ. तिच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असू शकतात. झडपेच्या पातळ पडद्याला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी गाठीच्या आत पोहोचत नाहीत. आत खोलवर असलेले जिवाणू संथपणे वाढतात आणि वेगाने वाढणाऱ्यांवरच जोर चालणारी औषधे त्यांच्यापुढे कमी पडतात. म्हणूनच शिरेतून अँटिबायोटिक सहसा चार ते सहा आठवडे द्यावे लागते. बरे वाटू लागल्यावर रुग्णाला हा काळ फार लांब वाटतो, पण मध्येच थांबणे धोक्याचे असते.

लक्षणे अनेकदा मोघम असतात: ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, चालताना लागणारा दम. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात हेच पहिले लक्षण ठरू शकते. कल्चरसाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून सहसा तीनदा रक्त घेतात. जोडीला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असतोच. छातीवरून केलेल्या इकोत छोटी गाठ निसटू शकते, त्यामुळे शंका असल्यास अन्ननलिकेतून नळी घालून झडप जवळून पाहतात. तेही स्वच्छ दिसले आणि संशय मात्र कायम राहिला, तर साधारण आठवड्याने पुन्हा पाहतात. हे सगळे पुरावे एकत्र तोलण्यासाठी १९९४ मध्ये ‘ड्यूक निकष’ ठरले. २०२३ मध्ये ते नव्याने सुधारले गेले.

झडप फाटून हृदय थकू लागले किंवा पू आजूबाजूला पसरला, तर शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि ती फार लांबवून चालत नाही. प्रकृती स्थिर झालेल्यांसाठी मात्र एक दिलासा आहे. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. शिरेतून किमान दहा दिवस उपचार झाल्यावर निवडक रुग्णांना उरलेला कोर्स गोळ्यांनी दिला, तरी परिणाम शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरला नाही.

हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्या मायोकार्डायटिसची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेकदा कारण विषाणू असतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. सर्दी-तापानंतर काही दिवसांनी तरुण माणसाच्या छातीत दुखते, धडधड होते, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) वाढलेले आढळते; हार्ट अटॅकच वाटावा असे चित्र. एमआरआयमध्ये स्नायूतली सूज दिसते. फार थोड्यांच्या बाबतीत स्नायूचा कण काढून तपासावा लागतो. बहुतेक जण बरे होतात, पण जोमाचा व्यायाम काही महिने बंद ठेवावा लागतो. सुजलेल्या हृदयावर ताण पडला तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. खेळाडूंना हे पटवणे अवघड जाते, तरी डॉक्टरांनी इथे नमते घेऊ नये.

हृदयावरच्या आवरणाची सूज, म्हणजे पेरिकार्डायटिस, रुग्णाच्या बसण्यावरूनच ओळखू येते. आडवे झाले की छातीतली कळ वाढते, पुढे वाकून बसले की कमी होते. स्टेथोस्कोपमधून चामड्यावर चामडे घासल्यासारखा आवाज ऐकू येतो. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणि जोडीला तीन महिने कोल्चिसिन हे सूज कमी करणारे औषध, हा उपचार आता रुळला आहे. कोल्चिसिनमुळे दुखणे उलटण्याचे प्रमाण बरेच कमी होते. स्टेरॉइडने आराम लवकर पडतो, पण दुखणे परत येण्याची शक्यता वाढते. आवरणात पाणी झपाट्याने साचले तर हृदय दाबले जाते, तेव्हा सुईने ते काढावेच लागते आणि त्याच पाण्यातून कारणही शोधता येते. क्षयरोग निघाला तर किमान सहा महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात. तो दुर्लक्षित राहिला, तर आवरण जाड आणि कडक होऊन हृदयाला आवळते, आणि मग ते शस्त्रक्रियेने सोलून काढावे लागते.