फक्त गोष्टीसाठी खेळणारे

व्हिडिओ गेममध्ये डिफिकल्टी 'ईझी'वर ठेवायची, बॉस फाइट, म्हणजे टप्प्याच्या शेवटी बड्या शत्रूशी होणारी लढाई, कशीबशी उरकायची आणि पुढे काय होतं ते बघायचं, असा खेळणारा मुरलेल्या गेमरांच्या लेखी उपराच. मी त्यातलाच. गंमत अशी की गोष्टीच्या गेमची सुरुवातच आमच्यासारख्यांना डोळ्यांपुढे ठेवून झाली होती.

विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर गुहा धुंडाळण्याचा नादिष्ट होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या नकाशांच्या कामात तो असायचा. घटस्फोटानंतर, १९७५-७६च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्याने त्या गुहेवर बेतलेला 'ॲडव्हेंचर' लिहिला. चित्र एकही नाही, सगळा मजकूर. संगणकाला बिचकणाऱ्यानेही खेळावा म्हणून आज्ञा रोजच्या शब्दांत टाइप करायच्या : उत्तरेला जा, दिवा घे. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात जादू आणि खजिन्यांची भर घातली, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्याचं वेड पसरलं. एमआयटीतल्या तरुणांनी त्यावरून स्फूर्ती घेऊन 'झॉर्क' केला.

१९८०मध्ये रॉबर्टा विल्यम्सने 'मिस्टरी हाउस'मध्ये रेघोट्यांची का होईना, चित्रं आणली. प्रोग्रामिंग नवऱ्याचं, केनचं. पुढे त्यांच्या सिएरा कंपनीचे 'किंग्ज क्वेस्ट' गाजले. मात्र हे गेम खेळणाऱ्यावर दात धरून असल्यासारखे वागत. १९९०च्या पाचव्या भागात भूक लागली म्हणून जवळचं कस्टर्डचं पक्वान्न खाल्लं, तर पुढे हिममानवाच्या तोंडावर फेकायला काही उरत नाही आणि मरण ठरलेलं. चूक तिथेच झाली, हे गेम सांगत नाही. आधीच्या टप्प्यावर जपून ठेवलेला खेळ, म्हणजे जुना सेव्ह, नसेल तर पहिल्यापासून सुरुवात. याला आव्हान म्हणणारे आजही भेटतात. मला तो शुद्ध खोडसाळपणा वाटतो.

तो रॉन गिल्बर्टलाही खटकत होता. लुकासफिल्म गेम्समध्ये १९८७ला 'मेनियाक मॅन्शन' करताना त्याने टाइप करणं काढून टाकलं. पडद्यावरच्या क्रियापदांवर क्लिक करायचं. १९८९मध्ये त्याने अशा, कोडी सोडवत गोष्ट पुढे नेणाऱ्या ॲडव्हेंचर गेमचं काय चुकतं यावर लेखच लिहिला : उगाच मारू नका, नकळत अडकवू नका. पुढच्याच वर्षी आलेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये नायक जवळजवळ मरतच नाही. तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, आणि पाण्याखाली खरोखर दहा मिनिटं काही न करता थांबलात तरच बुडतो. खोडसाळपणा असावा तर असा.

जपानमध्ये युजी होरी याचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा गेम १९८३लाच आला होता. दोन वर्षांनी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर येताना त्यातलंही टायपिंग जाऊन मेनू आला.

मग १९९३. त्या एकाच वर्षात 'मिस्ट' आणि 'डूम' आले. 'डूम'साठी टॉम हॉलने कथेचा जाडजूड आराखडा केला होता; तो बहुतेक बाजूला पडला आणि राक्षस मारणं उरलं. 'मिस्ट'मध्ये शत्रू नाही, घड्याळ नाही, फक्त निर्जन बेट आणि कोडी. २००२मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत पीसीवर सर्वाधिक खपलेला गेम हाच 'मिस्ट'. तरी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ॲडव्हेंचर गेमची बाजारातली पत घसरली, गोष्ट दुसऱ्यांच्या घरात राहायला गेली. १९९८चा 'हाफ-लाइफ' गोळीबाराचा गेम, पण कटसीनसाठी, म्हणजे खेळ थांबवून नुसत्या बघायच्या दृश्यासाठी, न थांबता खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कथा घडवणारा.

लुकासआर्ट्समधून (म्हणजे आधीच्या लुकासफिल्म गेम्समधून) बाहेर पडलेल्यांनी २००४मध्ये टेलटेल ही गेम कंपनी काढली. त्यांच्या २०१२च्या 'द वॉकिंग डेड'मध्ये कोडी नावापुरती; संवाद निवडायचे, तेही घाईघाईत. तुमच्या निवडीने कथानक फारसं बदलत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण लहानग्या क्लेमेंटाइनसमोर खोटं बोलायचं की नाही हे ठरवताना पोटात गोळा येतो, आणि मला तेवढं पुरतं. त्याच वर्षी 'मास इफेक्ट ३'ने लढाई सोपी करणारा स्टोरी मोड रीतसर मेनूत दिला. 'डिअर एस्थर' आणि २०१३चा 'गॉन होम' यांनी तर चालणं आणि पाहणं एवढंच ठेवलं. 'वॉकिंग सिम्युलेटर' ही हेटाळणी तेव्हाची. हा गेमच नाही, असं ठणकावून सांगितलं गेलं.

त्या आक्षेपाला माझ्या मते सर्वांत चोख उत्तर २०१७च्या 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'मध्ये आहे. त्यातला लुईस माशांच्या कारखान्यात काम करतो. उजव्या हाताने मासा उचला, पात्याखाली धरा, मुंडकं उडवा, फेका. तेवढ्यात डाव्या हाताने त्याच्या दिवास्वप्नातल्या राजपुत्राला चालवा. स्वप्न वाढत जाऊन पडदा व्यापतं, कारखाना दिसेनासा होतो, तरी उजवा हात मासे कापतच राहतो. लुईसचं मन कुठे हरवलं, हे कुणी सांगावं लागत नाही. सिनेमाला हे जमणार नाही, कारण तिथे हात मोकळे असतात.

आपल्याकडचं ठळक नाव म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०चा 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी, आणि निवेदक चक्क दुर्गा नि विष्णू. त्यातल्या मारामारीपेक्षा मी भिंतीवरच्या चित्रांपाशी जास्त रेंगाळलो. शेवट मात्र मध्येच तोडल्यासारखा आहे. मारामारीसाठी खेळणाऱ्याला ते चालून जाईल. मला अजून खुपतं.